लिनक्सशी घरोबा



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून पुष्कळांना वाटले असेल, की कोणी तज्ज्ञ यंत्रशास्त्रावर बोलणार. तसे काही नाही. आम्ही साधी गृहस्थाश्रमी माणसे आहोत. घरात आम्ही उभयता, शाळेत जाणारी कन्या आणि शहात्तर वर्षांच्या मातोश्री. अकरा इंची पडद्याचे दोन लहान लॅपटॉप घरात आहेत. २०२५ च्या दिवाळीनंतर त्यांवर आम्ही लिनक्स बसविले. पहिल्या सहा-सात आठवड्यांत काय घडले आणि त्यातून कोणता विचार हाती लागला, तेवढे आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम लिनक्स म्हणजे काय ते सांगू. यंत्र आणि आपण वापरतो ते कार्यक्रम यांच्यामध्ये एक कारभारी लागतो. कळ दाबली की अक्षर पडद्यावर आणणे, लिहिलेले साठवणे, कोणत्या कामाला किती स्मृती द्यावी हे ठरविणे, ही सारी कामे तो पाहतो. लिनक्स हा असा एक कारभारी. फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा गाभा लिहून सर्वांपुढे उघडा ठेवला. त्याआधी १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू हा उपक्रम जाहीर केला होता. वापरणाऱ्याला कार्यक्रम हवा तसा वापरता यावा, त्याची रचना अभ्यासता यावी, तीत बदल करता यावा आणि प्रत शेजाऱ्याला देता यावी, हे त्यांचे सूत्र. १९९२ साली टॉरव्हाल्ड्स यांनी आपला गाभा ग्नूच्या परवान्याखाली आणला आणि हे दोन प्रवाह एकत्र आले.

लिनक्स फुकट मिळते, म्हणून लोक त्याकडे वळतात. परंतु फुकटपणा हा त्याचा दुय्यम गुण होय. वाढत्या अंगाच्या मुलाचा सदरा शिवायला टाकताना आपल्याकडच्या आया शिंप्याला सांगत, ‘शिवणीत जरा माया ठेवा.’ मूल वाढले की शिवण उसवावी आणि सदरा मोठा करावा. हे काम मूळच्या शिंप्यानेच केले पाहिजे असेही नाही. ज्याला सुई धरता येते तो ते करील. माया न ठेवलेला सदरा कितीही झोकदार असो, वर्षभरात आखूड होतो आणि टाकावा लागतो. खुल्या प्रणालीत ही माया ठेवलेली असते. आमचे लॅपटॉप असेच आखूड झाले होते. यंत्रे धडधाकट होती, पण आधीच्या प्रणालीची नवी आवृत्ती त्यांत मावत नव्हती.

लिनक्सची घराणी अनेक आहेत. त्यांपैकी मिंट या घराण्याची एक्सएफसीई नावाची हलकी मांडणी आम्ही निवडली. आमच्या यंत्रांच्या चार गिगाबाइट स्मृतीत ती सुखाने राहते. तिची एक सोय सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पेनड्राइव्हवरून ती नुसती चालवून पाहता येते. पटली नाही तर पेनड्राइव्ह काढावा, यंत्र पूर्वीसारखेच राहते. आम्ही दोन दिवस असे पाहुणे म्हणून राहून मगच बिऱ्हाड केले.

पहिला आठवडा कुरबुरीत गेला, हे लपविण्यात अर्थ नाही. कन्येचा आवडता खेळ मिळेना. सौभाग्यवतींच्या हिशेबाचा तक्ता लिबरऑफिसमध्ये उघडला, पण त्याचे रकाने हलले. कार्यालयाचा एक कार्यक्रम तर लिनक्सवर चालतच नाही. ते काम कार्यालयातील यंत्रावरच करावे लागते. नवा कार्यक्रम बसविताना परवलीचा शब्द विचारला जातो, याचा कन्येला राग आला. घरात वावरायला सर्वांना मोकळीक असली तरी तिजोरीची किल्ली वेगळी ठेवतात, तसेच हे, असे सांगितल्यावर तिला ते पटले. गंमत अशी, की चौघांत सर्वांत कमी त्रास मातोश्रींना झाला. ज्याला जुने काही विसरायचे नसते, त्याला नवे जड जात नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून मराठी लिहिणे सुरू झाले. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाण ठरविलेली इन्स्क्रिप्ट ही कळरचना लिनक्समध्ये आहे. तीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला. जेथे ‘क’ तेथेच शिफ्ट दाबून ‘ख’, जेथे ‘ल’ तेथेच ‘ळ’. ज्याला बाराखडी येते त्याला ती थोड्या सरावाने येते. बारा दिवसांत मातोश्री भावजयीला पत्र लिहू लागल्या. ‘ळ’ सापडला, तेव्हा त्या म्हणाल्या, “आता यंत्र आपले झाले.”

तिसऱ्या आठवड्यात खरी परीक्षा झाली. आमच्या तीर्थरूपांनी शिक्षकी पेशातील आठवणी लिहून ठेवल्या होत्या. १९९८ साली त्यांनी एका दुकानातून त्यांची अक्षरजुळणी करून घेतली. पुस्तक छापण्याचा योग आला नाही. मुळातील वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. उरली ती एक तबकडी आणि छापून काढलेले पंधरावीस कागद. तीर्थरूप आज नाहीत. तबकडीवरची प्रत उघडली, तर पडद्यावर एकशे चाळीस पाने रोमन अक्षरांचा निरर्थक कचरा! मातोश्री काही बोलल्या नाहीत. चष्मा काढून त्या आत गेल्या.

हा दोष लिनक्सचा नव्हता. संगणक प्रत्येक अक्षर आकड्याने ओळखतो. त्या काळच्या पुष्कळ मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या आकड्यांवर देवनागरीच्या आकृत्या बसविलेल्या असत. फाँट जवळ असेपर्यंत मराठी दिसे, फाँट गेला की खालचे रोमन उघडे पडे. वास्तविक १९९१ सालीच युनिकोड या जागतिक प्रमाणात देवनागरीसाठी १२८ जागा राखल्या गेल्या होत्या. पण प्रमाण ठरणे वेगळे आणि दुकानापर्यंत पोहोचणे वेगळे. आपल्या ‘ॲ’ ला तर त्या प्रमाणात स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली.

मग आम्ही उसवायला बसलो. छापील कागद शेजारी ठेवून कोणते रोमन चिन्ह कोणत्या मराठी आकृतीचे, याचा तक्ता मातोश्रींनी वहीत आखला. लिनक्सबरोबर पायथॉन ही भाषा बहुधा येतेच. कन्या ती शाळेत थोडी शिकली होती. तिने तक्त्यावरून अदलाबदल करणारा छोटा कार्यक्रम लिहिला. दोन ठिकाणी फार अडले. जुन्या पद्धतीत ‘कि’ मधील वेलांटी डोळ्यांना दिसते तशी ‘क’ च्या आधी साठविलेली असते, तर युनिकोडात उच्चाराप्रमाणे ‘क’ आधी येतो. रफाराचे नेमके उलट. ‘अर्क’ मध्ये तो ‘क’ नंतर साठविलेला, पण बोलताना ‘र’ आधी. म्हणजे लिपी दिसते कशी आणि भाषा बोलते कशी, यांतला हा तंटा होता, आणि तो आजी आणि नात यांनी मिळून मिटविला. तीन आठवड्यांनी एकशे चाळीस पाने शुद्ध मराठीत उभी राहिली.

हे काम दुसऱ्या प्रणालीवर झालेच नसते, असा आमचा दावा नाही. पण यंत्र उघडून पाहण्यास मनाई नाही, किंबहुना त्याला तेच अपेक्षित आहे, ही जाणीव घरात रुजली म्हणून आम्ही ते हाती घेतले. आधीच्या दिवसांत आम्ही दुकानदाराकडे गेलो असतो, आणि त्याने नाही म्हटले असते तर गप्प बसलो असतो.

कोणी विचारील, की माणसाने संसार करावा की यंत्रे उसवीत बसावे? प्रश्न रास्त आहे. सर्वांनी लिनक्सच घ्यावे असे आमचे म्हणणे नाही. ज्याचे काम अन्य प्रणालीवर सुरळीत चालते त्याने ती खुशाल वापरावी. परंतु एक पथ्य प्रत्येक घराने पाळावे. आपण जे लिहितो, जपतो, मुलांसाठी ठेवतो, ते अशा रूपात ठेवावे, की उद्या कोणाचीही परवानगी न मागता ते उघडता येईल. मराठी मजकूर युनिकोडात असावा. दस्तऐवज २००६ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेल्या ओपन डॉक्युमेंटसारख्या खुल्या स्वरूपात असावा. त्याची दुसरी प्रत वेगळ्या जागी असावी. आणि घरात जुन्या फाँटांतील मजकूर असेल, तर तो वाचून दाखविणारी माणसे हयात आहेत तोवर त्याचे रूपांतर करून घ्यावे. आमच्या मातोश्री जवळ नसत्या, तर पुसट छपाईतील निम्मी अक्षरे आम्हांला लागली नसती.

आपल्या गावातील ग्रंथालयांत, मंडळांत, शाळांत १९९० नंतरच्या काळातील इतिवृत्ते, स्मरणिका, हस्तलिखितांच्या नकला अशाच तबकड्यांत पडून असतील. आमच्या कन्येने केलेला कार्यक्रम आणि मातोश्रींचा तक्ता ज्याला हवा त्याने घेऊन जावा, त्यात आपल्या फाँटाप्रमाणे बदल करावा आणि पुढच्याला द्यावा. आम्हांला जे मिळाले ते याच अटीवर मिळाले आहे.