मस्तकांतील वाटाणा

घोटीच्या एखाद्या भातगिरणीवर बसणाऱ्या गृहस्थाची अंगठी बोटांत रुतूं लागते, वहाणा लहान पडतात. घरचीं माणसें म्हणतात, ‘अंगानें भरला!’ क्वचित् हें भरणें नसून विकार असतो.

मेंदूच्या तळाशीं, हाडाच्या खोबणींत, वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथि आहे. देहाची वाढ, स्त्रियांचा ऋतुक्रम, इतर ग्रंथींचें कार्य हीं तिच्या आज्ञेंत चालतात. तींत होणारी गांठ बहुधा सौम्य, म्हणजे कर्करोगाची नसलेली, असते. तथापि ती वाढून वरच्या दृष्टितंतूंवर दाबली, तर दोन्ही डोळ्यांची बाहेरच्या बाजूची दृष्टि मावळते. हमरस्त्यावर बाजूनें येणारी मोटार न दिसणें हा नेहमींच वयाचा दोष नव्हे.

रक्ततपासणी व एम.आर.आय. यांनीं निदान होतें. प्रोलॅक्टिन स्रवणारी गांठ बहुधा कॅबरगोलीनच्या गोळ्यांनींच आक्रसते. लहान, निरुपद्रवी गांठीवर नुसती देखरेख पुरते. इतर पुष्कळशा गांठी नाकावाटे काढतात. या मार्गानें पहिली शस्त्रक्रिया इन्सब्रुक येथें हर्मान श्लोफर यांनीं १९०७ सालीं केली. आज ती दुर्बिणीच्या साहाय्यानें, कवटी न उघडतां होते.

‘डोक्यांत गांठ’ हे शब्द ऐकून धीर सोडण्याचें कारण नाहीं. पण विलंब मात्र घातक. गेलेली दृष्टि प्रत्येक वेळीं परत येतेच असें नाहीं.