धान्याची पिशवी आणि मोगऱ्याची रोपे
(बोईसर येथे रविवारच्या उपासनेनंतर केलेले भाषण)



दोन वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही जव्हारकडच्या एका पाड्यावर तांदूळ, डाळ, तेल वाटले. प्रार्थना केली, फोटो काढले आणि परतलो. नाताळच्या सुमारास पुन्हा गेलो, तर निम्म्या घरांची दारे बंद. एक आजी म्हणाली, "पोरं भट्टीवर गेली, भाऊ."

ही माणसे परदेशातून आलेली निर्वासित नाहीत. पण भाताची झोडणी झाली की दरवर्षी त्यांना घर सोडावे लागते. पालघर, वसई, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर ती पावसाळ्यापर्यंत राबतात. मुलांची शाळा सुटते. पावसाळ्यात घरातली नागली, तांदूळ संपतो, तेव्हाच भट्टीवाल्याचा बयाणा घेतलेला असतो. आमची पिशवी पंधरा दिवस पुरली. बयाणा त्याआधीच घेतला होता. किती जणांनी घेतला, हे आम्ही विचारलेही नव्हते.

करोनाकाळात शासनाने खावटी योजनेतून पात्र आदिवासी कुटुंबांना ४,००० रुपयांची मदत दिली. निम्मी रोख, निम्मी वस्तुरूपात. आधार झाला. पण हाताला काम नसेल तर आधार किती दिवस टिकणार?

रूथची गोष्ट आपण जाणतो. परक्या देशातली विधवा सातूच्या हंगामात बेथलेहेमात आली. बवाजाने तिला जेवायला दिले आणि त्याच दिवशी शेतात सरवा वेचायलाही दिला. हंगाम संपेपर्यंत तो तिला मिळत राहिला.

आपणही तसेच करू या. जव्हार, विक्रमगडकडे मोगऱ्याची शेती होते. फुले दादरच्या बाजारात जातात. पण मोगरा लावल्याबरोबर पैसा देत नाही. पाणी, कुंपण आणि धीर लागतो. पोट रिकामे असेल तर धीर कुठून येणार? म्हणून धान्य हवे, पण ते बयाण्याच्या आधी, ज्येष्ठ-आषाढात, आणि रोपांसोबत. मोगरा बहरेपर्यंत रोजगार हमीच्या कामाची लेखी मागणी करायला, पोच घ्यायला कुटुंबासोबत बसणारे कुणीतरी हवे.

माझी विनंती एवढीच: एका पिशवीचे दान देणाऱ्याने रोपांसाठीही काही बाजूला ठेवावे, आणि ज्याला लिहिता येते त्याने महिन्यातला एक शनिवार द्यावा. पुढच्या नाताळात त्या पाड्यावर दारे उघडी दिसावीत, हीच माझी प्रार्थना आहे.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो. आमेन.