किरण आणि कांदा

आकुर्डीच्या बाजारातून आणून भरून ठेवलेला कांदा पावसाळा सरता सरता कोंब धरतो. हे टाळण्यासाठी अणुऊर्जा खात्याने लासलगावी २००२ साली सुरू केलेल्या केंद्रात कांद्यावर कोबाल्ट-६० चे गॅमा किरण सोडता येतात. मग असा कांदा खावा का?

अणुगर्भातून मुख्यतः तीन तऱ्हेचे किरण निघतात. अल्फात ऊर्जा पुष्कळ, पण तो जड. साध्या कागदानेही अडतो. बीटाला पातळ पत्रा रोखतो. गॅमा हा प्रकाशाचाच भाऊबंद. पोते भेदून आरपार जातो. म्हणूनच कोबाल्ट जाड भिंतींआड ठेवावा लागतो. त्याच्या गॅमाची ऊर्जा कोंबाची वाढ थांबवते. कांद्यातले अणुगर्भ बदलण्यास मात्र ती तोकडी पडते. उन्हात वाळलेली मिरची रात्री उजेड देते का? तसाच हा कांदा. खुशाल खावा!