हंसातील दीर्घिका आणि खोडदची शांतता
(खुटबाव, ता. दौंड येथील शिक्षक व पंचायत सदस्यांसमोरील व्याख्यानाचा मजकूर)



आश्विनात दिवेलागणीनंतर खुटबावच्या शिवारातून उत्तरेकडे पाहिले असता हंस तारकासमूह माथ्यालगत दिसतो. त्याच्या मानेलगत, डोळ्यांना अजिबात न दिसणारी एक लंबवर्तुळाकार दीर्घिका आहे. शास्त्रज्ञ तिला ‘सिग्नस ए’ म्हणतात. अंतर सुमारे ७५ कोटी प्रकाशवर्षे. साध्या दुर्बिणीतूनही ती गवसत नाही. परंतु रेडिओलहरींच्या दृष्टीने आकाशातील अत्यंत प्रखर स्रोतांत तिची गणना होते.

लंबवर्तुळाकार दीर्घिका म्हणजे सहसा वृद्ध ताऱ्यांची वस्ती; नवे तारे तेथे क्वचितच जन्मतात. मग एवढी ऊर्जा कोठून? १९५३ साली इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथे जेनिसन आणि आपले मृणालकुमार दासगुप्ता यांनी दाखविले की, या लहरी मुख्यतः दीर्घिकेच्या दोन्ही अंगांस दूरवर पसरलेल्या दोन क्षेत्रांतून येतात. आपल्याकडे हे नाव शालेय पुस्तकांत असावयास हवे. केंद्रस्थानी सूर्याच्या अब्जावधीपट वस्तुमानाचे कृष्णविवर असून, त्याच्या परिसरातून निघणारे कणांचे झोत या क्षेत्रांना ऊर्जा पुरवितात, असे आता मानले जाते.

अशा लहरी टिपणारी महादुर्बीण पुणे जिल्ह्यातच आहे. भीमा ओलांडून शिरूर, आणि त्यापलीकडे जुन्नर तालुक्यातील खोडद. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने तेथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. पैकी १४ मध्यभागी असून उरलेल्या तीन दिशांना दूरवर विखुरल्या आहेत.

अब्जावधी कोसांवरून आलेली लहर पृथ्वीवर पोहोचेतो इतकी क्षीण होते की, जवळच्या वेल्डिंगची ठिणगी वा मोबाइलचा मनोरा तिला सहज झाकून टाकतो. म्हणून त्या परिसरात उद्योगांवर बंधने आहेत. पुणे–नाशिक वेगवान रेल्वेच्या नियोजित मार्गालाही याच कारणाने हरकत घेण्यात आली. गावकऱ्यांच्या मुलांना कारखाना जवळ नको, असे कोण म्हणेल? बंधनाचा भार गावाने सोसायचा, तर त्यामागील कारणही गावाला समजावून सांगितले गेले पाहिजे. केवळ मनाईचा कागद पुरेसा नाही. ते काम ग्रामसभेत होऊ शकते, आणि शाळेत अधिक चांगले होऊ शकते.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते व दुर्बीण पाहावयास मिळते. शिक्षकांनी मुलांना तेथे अवश्य न्यावे; मोबाइल मात्र आधीच बंद करावेत.