शिकायचं खरं, पण घर कशावर चालवायचं?
(येवला येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



शेती सोडा असं सांगायला आम्ही इथं उभे नाही. पण घरात दोन मुलगे, सहा एकर कोरडवाहू, कापसाला भाव नाही, ज्वारी फक्त खाण्यापुरती. अशा घरातला एक जण दुसऱ्या कामाला लागला तर त्यात कमीपणा कसला? जो जातो तो कोणाच्या भरवशावर जातो, शिकतो कुठं आणि त्याची फी कोण भरतो, याचा हिशेब आज मांडायचा आहे.

या येवल्यातच बघा. पैठणीचा माग एके काळी ठराविक घरांत होता. बाप विणायचा, पोरगा शेजारी बसून शिकायचा. आता आजूबाजूच्या खेड्यांतली शेतकऱ्यांची पोरं आणि सुनासुद्धा मागावर बसतात. दुष्काळानं त्यांना तिथं नेऊन बसवलं. 2010 साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, नावाला संरक्षण आलं. पण मानांकनानं कोणाला विणायला शिकवलं नाही. शिकवतो कारागीर. पदरातला मोर काढायचा तर प्रत्येक रंगाच्या रेशमाची वेगळी तिल्ली, ताणे बोटांनी मोजायचे, चुकलं की उसवायचं. हात बसायला महिने जातात. त्या महिन्यांत मजुरी नाही, किंवा नावाला.

इथंच खरी गोम आहे. फी फुकट असली म्हणजे शिक्षण फुकट झालं, असं आपण समजतो. समजा, घरातला एक माणूस रोजचे 300 रुपये आणतो. महिन्याचे 25 दिवस धरले तर 7,500 झाले. सहा महिने तो शिकायला बसला तर 45,000 रुपये गेले. हे पैसे कोणत्याच पावतीवर दिसत नाहीत. मग घर मालकाकडून उचल घेतं आणि हात तयार झाल्यावर ती फिटेपर्यंत त्याच मालकाच्या मागावर बसावं लागतं. सावकार बदलला, एवढंच झालं.

सरकारी योजना नाहीत असं नाही. पण त्या कोणासाठी आहेत ते नीट वाचा. 2023 च्या सप्टेंबरात विश्वकर्मा योजना आली. प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, अवजारांना 15,000, पुढं 5 टक्क्यांनी कर्ज. चांगलं आहे. पण ती 18 धंद्यांपुरती आणि जो तो धंदा आधीपासून करतो त्याच्यासाठी. पैठणी विणणारा हातमागवाला त्या यादीत नाही. नांगर सोडून नवं काही शिकू पाहणारा तर नाहीच नाही. 2014 साली ग्रामीण तरुणांसाठी दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावानं कौशल्य योजना निघाली, ती 15 ते 35 वयाची. बायांना 45 पर्यंत सूट. चाळिशीचा गडी त्यात बसत नाही, आणि शेती परवडत नाही हे माणसाला नेमकं चाळिशीतच कळतं!

आयटीआयला मात्र वरची वयोमर्यादा नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. वेल्डर एका वर्षाचा, वीजतंत्री दोन वर्षांचा. सरकारी संस्थेची फी खाजगीच्या मानानं किरकोळ, आणि प्रमाणपत्र देशभर चालतं. त्यानंतर 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर शिकता येतं. सातपूर, अंबड, सिन्नर काही लांब नाही. अडचण हीच की प्रवेशाची धावपळ पावसाळ्याच्या तोंडाला, म्हणजे बियाण्याला पैसे जुळवायचे त्याच दिवसांत. म्हणून दाखले उन्हाळ्यातच काढून ठेवा.

वर्ष देता येत नसेल त्यानं बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत जावं. 1982 साली कर्नाटकात उजिरे इथं याची सुरुवात झाली, आज जिल्ह्याजिल्ह्यांत अशी संस्था आहे. राहणं, जेवण, शिकवणं फुकट. मोटार रिवाइंडिंग, शिलाई, शेळीपालन असे काही दिवसांपासून दीड महिन्यापर्यंतचे वर्ग. आपल्याला हे सोयीचं, कारण वेचणी आटोपली, रब्बी ज्वारी काढली की मार्च ते मे हात रिकामेच असतात. तिथं पैठणी येणार नाही, पण जळालेली मोटार भरता येईल. गावातली प्रत्येक विहीर मग गिऱ्हाईक.

खाजगी वर्गांबद्दल आमचा अनुभव कडू आहे. आमच्या एका कार्यकर्त्याच्या घरानं बैलजोडी विकून पोराच्या कोर्सचे पैसे एकरकमी भरले. शंभर टक्के नोकरी म्हणून कागदावर छापलं होतं. चार महिन्यांनी दाराला कुलूप. चूक आमचीही, बैल घेताना आपण दात बघतो, इथं काहीच बघितलं नाही. आता आम्ही सांगतो, मागच्या वर्षी शिकून गेलेली दोन पोरं आज कुठं कामाला आहेत ते विचारा आणि तिथं जाऊन बघा. फी हप्त्यानं द्या, पक्की पावती घ्या. नोकरीसाठी अनामत मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

कर्ज काढायचंच तर पीककर्जाचा पैसा यात घालू नका. कौशल्य प्रशिक्षणासाठी 2015 पासून वेगळी कर्ज योजना आहे, दीड लाखापर्यंतची. 2024 साली ती मर्यादा साडेसात लाख केली. वर्ग मान्यताप्राप्त लागतो. बँकेचा साहेब ‘अशी योजना नाही’ म्हणाला तर अर्ज लिहूनच द्या आणि पोच घ्या.

आणि मागणी आपली एकच आहे. शिकणाऱ्याला शिकतानाच्या महिन्यांची मजुरी मिळाली पाहिजे, वय पस्तीस असो की पंचेचाळीस. आणि मागावर शिकणाऱ्यालाही. ठराव तयार आहे, जेवणाआधी वाचून दाखवू. ज्यांनी शाळा सोडल्याचे दाखले बरोबर आणलेत त्यांनी मंडपाच्या डाव्या बाजूला बसावं, तिथं आपली दोन शिकलेली मुलं अर्ज भरून देतील.