वॉशिंग मशीन आणि मागची पडवी

राजापूर तालुक्यातलं नाटे जैतापूर खाडीच्या मुखाशी आहे. निवृत्त चाकरमानी अशा गावात जुनं कौलारू घर विकत घेतो, तेव्हा बहुधा पहिली कुऱ्हाड मागच्या पडवीवर पडते. न्हाणीशेजारची ती जागा बंदिस्त करायची, टाइल लावायच्या आणि मशीन ठेवायचं, असा बेत असतो. मे महिन्यात सगळं छान दिसतं. जूनमध्ये कळतं, की पडवीबरोबर वाराही बंद झाला.

हिशेब पाहा. पाच किलो कपडे मिनिटाला हजार फेऱ्यांनी पिळले, तरी त्यांत सुमारे तीन लिटर पाणी उरतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. तेव्हा बाहेरची हवाच ओली. खोली कोंदट असेल तर हे तीन लिटर भिंतींत मुरतं आणि टॉवेलाला कुबट वास सुटतो. म्हणजे इथं खोली बांधायची ती धुण्यापेक्षा वाळवण्यासाठी. समोरासमोरच्या भिंतींत वर जाळ्या, एका जाळीत हवा बाहेर फेकणारा पंखा आणि मधोमध वलणी. वलणीला लोखंडी तार नको, नायलॉनची दोरी बरी. खाऱ्या वाऱ्यात तार गंजते आणि पांढऱ्या सदऱ्यावर तांबूस रेघ उमटते. ती रेघ साबणाला दाद देत नाही.

भिंती जांभ्याच्या. नाट्याचा यशवंतगडही जांभ्याचाच, पण तटाला ओल चालते, खोलीला चालत नाही. चिरा पाणी शोषतो, तेव्हा आतून चार फुटांपर्यंत जलरोधक गिलावा आणि त्यावर टाइल हवी. पीओपीचा मोह टाळावा.

फरशीला दहा फुटांमागे दीड इंच उतार हवा. कोपऱ्यात बसतो तो नहाणी ट्रॅप. नावात आपली न्हाणीच आहे. मशीन चार इंची ओट्यावर ठेवावं. त्याला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, लागतो. ओल्या फरशीवर उभं राहून मशीनला हात लावायचा असल्याने इथे काटकसर नको. बैठ्या घरात टाकी नळापेक्षा दहा फूट तरी उंच नसेल, तर पुढून उघडणाऱ्या बऱ्याच मशीनना पाण्याचा दाब पुरत नाही.

पूर्वी न्हाणीचं पाणी पाटाने थेट माडाच्या आळ्यात जाई. पावडरीतल्या क्षारांनी आता ती सोय अवघड केली आहे. फेसाचं पाणी शोषखड्ड्यात सोडावं, खळबळण्याचं माडाला द्यावं. सांडपाण्याच्या नळाला दोन तोंडं ठेवली की झालं. जांभ्यातून पाणी लवकर झिरपतं, म्हणून खड्डा विहिरीच्या उताराकडच्या बाजूला आणि किमान साठ फुटांवर असावा.

आणि मागील दारची धुण्याची धोंड फोडून टाकू नये. लावणीतले चिखलाचे कपडे आधी तिच्यावर आपटून घेतले, तर मशीनचा फिल्टर तुंबत नाही.

गवंड्याला शेवटचा हप्ता देण्यापूर्वी फरशीवर दोन बादल्या पाणी ओता. पाच मिनिटांनी कुठे तळं दिसलं, तर पैसे खिशातच राहू द्या.