रोव्हर्स चषकाचा १९५० चा मोसम आणि मराठवाड्याची मैदाने

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या शिबिरात झालेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त भाग)



मुंबईच्या कूपरेज मैदानाशी जिचे नाव कायमचे जोडले गेले, ती रोव्हर्स चषक फुटबॉल स्पर्धा १८९१ साली सुरू झाली. आरंभीची कित्येक दशके हा चषक प्रामुख्याने गोऱ्या पलटणींच्या ताब्यात राहिला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला, तेव्हा कोठे तो प्रथमच भारतीय संघाकडे आला. १९४० मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने तोच पराक्रम केला. परंतु या स्पर्धेच्या इतिहासात मराठवाड्याने विशेष लक्ष घालावे असा मोसम १९५० चा आहे. त्या वर्षी हैदराबाद पोलीस संघाने रोव्हर्स चषक पटकावला आणि पुढे १९५४ पर्यंत, सलग पाच वर्षे, तो कोणालाही घेऊ दिला नाही. त्याच १९५० च्या मोसमात, दशकभराच्या खंडानंतर पुन्हा सुरू झालेला ड्युरँड चषकही त्याने मोहन बागानला नमवून जिंकला.

हैदराबाद ही तेव्हा मराठवाड्याची राजधानी होती, हे आज सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. संस्थानात एकूण सोळा जिल्हे होते आणि त्यांपैकी पाच मराठी होते. नांदेड हा त्यांतील एक. लातूर तर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता. त्याचा स्वतंत्र जिल्हा व्हायला १६ ऑगस्ट १९८२ उजाडावा लागला. म्हणजे हा विजय त्या काळच्या हिशेबाने नांदेड-लातूरकरांच्याही राज्याचा होता. मग त्याची आठवण येथे का रुजली नाही, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

याचे एक उत्तर त्या काळाच्या जखमांमध्ये आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. तत्पूर्वी रझाकारांनी येथील जनतेवर अनन्वित अत्याचार केले होते. त्यानंतर सूडाच्या लाटेत सामान्य मुसलमान भरडले गेले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ज्या जिल्ह्यांना सर्वांत अधिक झळ पोचल्याचे नोंदविले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही नावे आहेत. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही. अशा वेळी, अवघ्या दोन वर्षांनी, बहुसंख्य मुस्लिम खेळाडूंचा एक संघ मुंबईत जाऊन जिंकतो, आणि १९५१ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून देण्याची जबाबदारी त्याच संघाच्या प्रशिक्षकाकडे सोपविली जाते, ही घटना साधी नव्हे. परस्परांवरील विश्वास उडालेल्या समाजात एकत्र येण्याची एक वाट तेथे दिसत होती. ती वाट हैदराबादच्या वेशीबाहेर आणण्याचा प्रयत्न मात्र झाला नाही.

या प्रशिक्षकाचे नाव सय्यद अब्दुल रहीम. ते पेशाने शिक्षक होते. शिक्षकाने खेळाकडे पाहावे तसेच त्यांनी पाहिले. चेंडू पायाशी घोळवत ठेवण्यास मनाई करणाऱ्या स्पर्धा, दुबळा पाय तयार व्हावा म्हणून त्याच पायाने खेळण्याच्या स्पर्धा, ठरावीक उंचीखालील मुलांच्या स्पर्धा, असे उपक्रम त्यांनी राबविले. नूर मोहम्मद, अझीझुद्दीन यांसारखे खेळाडू पुढे ऑलिंपिकपर्यंत पोचले. पण प्रतिभा एवढेच याचे स्पष्टीकरण नव्हे. पोलीस खात्यात खेळाडूला नोकरी होती, महिन्याचा पगार होता, सरावाला मैदान होते आणि स्पर्धेला जाण्यासाठी रजा होती. गरीब घरातील मुलाला पोटाची चिंता न करता खेळता आले. सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली ही व्यवस्था होती आणि चषक हे तिचे फळ होते.

आता बाद पद्धतीच्या स्पर्धेचा हिशेब पाहा. बत्तीस संघ उतरले, तर एकतीस सामन्यांत विजेता ठरतो. त्यांतील सोळा संघ एकच सामना खेळून घरी परततात. प्रवास, मुक्काम, बुडालेली मजुरी हा सारा खर्च एका दुपारसाठी असतो. ज्यांच्यामागे एखादे खाते किंवा कारखाना उभा आहे, त्यांना हे परवडते. मुंबईत टाटा, मफतलाल, महिंद्र यांचे संघ उभे राहिले ते याच बळावर. ज्याच्यामागे काहीच नाही, असा तालुक्याचा संघ हरण्यापूर्वीच बाद झालेला असतो, आणि त्याची नोंद कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. नांदेडहून मीटरगेजची गाडी थेट सिकंदराबादला जात असे. लातूरचा माणूस बार्शी लाईटच्या चिंचोळ्या रुळांवरून कुर्डुवाडी गाठत असे. रूळ होते, पण त्यांवरून खेळ जिल्ह्यांकडे आला नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबर रोजी, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीम यांच्या भारतीय संघाने ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला आणि अखेर चौथे स्थान मिळविले. या सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचा होता. संघात हैदराबादच्या खेळाडूंचा मोठा भरणा होता. मराठवाड्याची जुनी राजधानी फुटबॉलची होती आणि नवी राजधानीही फुटबॉलची होती. दोन्हीकडून त्याच्या वाट्याला बातमी आली. मैदान आले नाही. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालाने रस्ते, सिंचन, शिक्षण यांतील अनुशेष मोजून दाखविला. मैदानांचा अनुशेषही तालुकावार मोजून मांडला पाहिजे.

केवळ शिखरावर पोसलेला खेळ टिकत नाही, हेही काळाने दाखविले. १९६२ मध्ये जाकार्ता येथे दुसरे आशियाई सुवर्णपदक मिळवून रहीम १९६३ साली निवर्तले आणि हैदराबादच्या फुटबॉलला ओहोटी लागली. विसावे शतक सरतासरता खुद्द रोव्हर्स चषक स्पर्धाही बंद पडली.

आज नांदेड आणि लातूर ही शहरे निराळ्याच बाद स्पर्धेसाठी ओळखली जातात. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेसाठी खेड्यापाड्यांतील हजारो मुले-मुली येथील शिकवणी वर्गांत येतात. काही निवडली जातात आणि त्यांची छायाचित्रे चौकाचौकांत झळकतात. उरलेल्यांची संख्या त्याहून किती तरी मोठी. त्यांचा फलक कोणी लावीत नाही. या मुलांच्या दिवसात खेळाचा तास नाही आणि शहरात मोकळी जागा कमी होत चालली आहे. नांदेडला होणाऱ्या गुरू गोबिंदसिंघजी हॉकी स्पर्धेसाठी देशभरातून संघ येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पाहुणे खेळून गेल्यावर उरलेले अकरा महिने स्थानिक मुलांनी कोठे खेळावे, याचे उत्तर स्पर्धा देऊ शकत नाही.

ते उत्तर कायद्याच्या कागदांत काही अंशी आहे आणि कार्यकर्त्याने ते वाचले पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे. शहराच्या विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी जागा राखून ठेवलेल्या असतात. मात्र १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार, दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली गेली नाही आणि मालकाने नोटीस दिल्यावरही ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही, तर आरक्षण रद्द होते. कित्येक मैदाने अशी कोणताही गाजावाजा न होता, निव्वळ तारीख उलटून नाहीशी होतात.

म्हणून प्रत्येक तालुक्यात प्रथम यादी झाली पाहिजे. कोणत्या शाळेला मैदान आहे, कोणते कागदावरच आहे, कोणते आरक्षण कधी संपते, हे तपासून नगरपालिका, महापालिका व जिल्हा परिषद यांच्यासमोर मांडले पाहिजे. शेजारच्या दोन गावांच्या शाळांनी बाद पद्धत सोडून साखळी पद्धतीने सामने खेळावेत, म्हणजे हरलेल्या मुलालाही पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदानावर उतरता येईल. एका शाळामास्तराने हैदराबादेत जे केले, त्याला लागणारे साहित्य फार नव्हते: जागा, वेळ, आणि हरणाऱ्याला घरी न पाठविणारा शिक्षक. या तिन्ही गोष्टी मागण्याचा हक्क नांदेड-लातूरच्या मुलांना आहे, आणि तो मिळवून देणे हे राजकीय कार्यच आहे.